पहिली वेलांटी, दुसरी वेलांटी

"अहो, 'मिळेल'ला पहिली वेलांटी!"

तासगावच्या भर बाजारात, शेंगांची पोती आणि गुळाच्या ढेपा यांच्या मधोमध उभी राहून एक मुलगी वर तोंड करून ओरडली, आणि शिडीवरच्या माणसाचा ब्रश हवेतच थांबला.

बिराप्पाच्या चहाच्या दुकानावर नवी पाटी रंगत होती. निळ्या रंगावर पांढरी अक्षरं, टपोरी, एका ओळीत बसवलेली. अक्षरांना नाव ठेवायला जागा नव्हती. पण लिहिलं काय होतं? 'येथे शूध दूधाचा चाहा मीळेल.' विजयमाला भोइटे बाजाराची पिशवी घेऊन तिथून चालली होती. तिनं ते वाचलं आणि तिचे पाय पुढे जाईनात. भाकरीत खडा लागावा तसं तिला अशुद्ध लिहिलेलं लागायचं, आणि खडा गिळून टाकणाऱ्यांपैकी ती नव्हती.

"कोन हाय त्ये?" शिडीवरून आवाज आला.

"मी चिंचमळ्याच्या शाळेची मास्तरीण. 'शुद्ध'ला पहिला उकार, आणि द ला ध जोडायचा. 'दुधाचा'ला पण पहिलाच. आणि 'मिळेल'चं सांगितलंच."

माणूस खाली उतरला. उंच, उन्हानं रापलेला, अंगावर पलटणीतली खाकी विजार आणि कानाच्या पाळीला निळा रंग लागलेला. त्यानं पाटीकडं पाहिलं, मग तिच्याकडं पाहिलं... आणि तिच्याकडंच जरा जास्त वेळ पाहिलं.

"बाई, मला ह्या येलांटीचं कवाच कळलं न्हाई," तो म्हणाला. "पयली बी येलांटी, दुसरी बी येलांटी. पन दुसरी कशी, अक्षराच्या म्होरं ऐटीत हुबी ऱ्हाती. म्हनून मी दुसरीच काढतोय. पाटीला शोभा येती."

"शोभेसाठी काढता?"

"मग कशापायी काढायची?"

विजयमालेला हसू आलं, ते तिनं पिशवीतल्या वांग्यांकडं बघत दाबलं. शुद्धलेखनाचा असा नियम तिला आजवर कुणी सांगितला नव्हता.

"आणि तो 'चाहा'?"

"त्यो ऱ्हाऊ द्या की! आमी च्या म्हंतोय च्या. 'चाहा' म्हंजे आधीच लय सुधारून लिवलाय!"

या वेळी हसू काही दाबलं गेलं नाही. बिराप्पानं आतून दोन कप पाठवले. तिनं घेतला नाही, पण निघालीही नाही. त्यानं ब्रश उचलला आणि ती सांगेल तिथं, सांगेल तशी एकेक वेलांटी बदलली. सगळं झाल्यावर ती एवढंच म्हणाली, "अक्षर छान आहे तुमचं," आणि पदर सावरून चालू लागली. मागून आवाज आला, "हंबीरराव पाटील म्हंत्यात मला! मी बी चिंचमळ्याचाच हाय, बाई!"

तिनं मागं वळून पाहिलं नाही. पण नाव तिच्या लक्षात राहिलं.

विजयमाला मूळची फलटणची. सातवीची व्हर्नाक्युलर फायनल परीक्षा झालेली, पुण्याला ट्रेनिंग केलेलं, आणि आता मुलींच्या शाळेवर नेमणूक. सोबतीला चंद्राबाई, तिची विधवा मावशी. पोरगी देखणी, शिकलेली, घरचं बरं. तरी लग्न का जमत नव्हतं, हे फलटणात सगळ्यांना ठाऊक होतं. एका कारकुनाच्या वडिलांनी पत्र पाठवलं होतं, 'मुलगी पसंद आहे.' विजयमालेनं त्या पत्रातल्या सगळ्या चुका तांबड्या शाईनं दुरुस्त केल्या आणि पत्र परत धाडलं. त्यानंतर त्या घरातून पुन्हा काही आलं नाही.

"माले, अगं वेलांटी म्हंजे काय कुकू हाय का? इकडची तिकडं झाली म्हनून काय बिघडतंय?" मावशी म्हणायची.

"वाचणाऱ्याचं बिघडतं, मावशी."

"आन् न वाचनाऱ्यानं काय करावं?"

यावर विजयमाला वह्या तपासायला बसायची.

पुढच्याच आठवड्यात मधल्या सुट्टीत हंबीरराव शाळेच्या ओसरीवर हजर झाला. काखेत एक फळी, हातात रंगाचा डबा. चंद्राबाई ओसरीवर शेंगा फोडत बसली होती, ती सावरून बसली.

"इटलीत लॉऱ्यांवर नंबर काढायचो," त्यानं मावशीला आणि बाईंना मिळून सांगितलं. "आकडा चुकला तर लॉरी भलत्याच पलटनीत जायाची. म्हनून आकडा कदी चुकला न्हाई. मराठी लिवायची वेळच आली न्हाई, तिकडं सगळं विंग्रजी अक्षरात. आता लढाई संपली, घरी आलो, तर जो त्यो म्हंतोय पाटी काढून दे. बाई, रंगवायच्या आधी तुमी येकडाव नजर टाका. चुका तुमच्या, रंग माझा."

"चुका माझ्या?"

"म्हंजे... चुका काढायच्या तुमी," तो हसला. "करायच्या मी."

तेव्हापासून गावात कुठली पाटी लागायची असली की ती आधी शाळेच्या ओसरीवर यायची. हंबीरराव खडूनं अक्षरं आखायचा. विजयमाला एका बोटानं दाखवायची— इथं, इथं आणि इथं. तो पुसायचा, पुन्हा लिहायचा. जवसाच्या तेलाचा आणि रंगाचा वास ओसरीभर पसरायचा, आणि मुली खिडकीतून बघून खुसुखुसु हसायच्या. 'अस्सल' लिहिताना एक स गळायचा. 'हार्दिक'मधला रफार भलत्याच डोक्यावर बसायचा. पण हळूहळू चुका कमी व्हायला लागल्या, आणि गंमत अशी की विजयमालेला त्याचा आनंद होईना.

एकदा तर पाटी एकदम शुद्ध आली.

"आज काहीच चूक नाही," ती म्हणाली. तिच्या आवाजात नाराजी होती, ती तिलाच ऐकू आली.

"नीट बघा. आसंल कुठंतरी."

"नाही."

"मग उद्या आनतो," तो शांतपणे म्हणाला. "मोठी आनतो. पुसायला येळ लागंल आशी."

चंद्राबाईनं शेंग फोडली ती जरा जोरात. विजयमाला वर्गात निघून गेली आणि तिनं मुलींना एकदम बेरजा घातल्या.

नवरात्र तोंडावर आलं तेव्हा परतीच्या पावसाची एक सर अचानक आली. विजयमाला शाळा बंद करून अंगण ओलांडत होती. राहायची खोली समोरच होती, पण सर अशी की दोन पावलांत माणूस चिंब व्हावा. तेवढ्यात डोक्यावरचं पाणी थांबलं. हंबीररावानं नुकती रंगवलेली फळी तिच्या डोक्यावर धरली होती.

"अहो, रंग ओला आहे!"

"व्हय. तुमी बी ओल्या झाल्या आसत्या."

दोघं लिंबाच्या बुंध्याशी थांबली. फळीच्या कडेनं निळं पाणी ठिबकत होतं, एक थेंब तिच्या मनगटावर पडला आणि बांगडीखालून ओघळला. तो बघत होता. पुसावा की नाही, हे त्याला ठरवता येत नव्हतं. शेवटी त्यानं दोन्ही हात फळीलाच घट्ट धरून ठेवले.

"बाई... आबा कडेगावला जाऊन आल्यात," तो म्हणाला. "पोरगी चांगली हाय म्हंत्यात. सुपारी फोडायची म्हंत्यात."

पाऊस एकदम मोठ्यानं वाजायला लागला, असं तिला वाटलं.

"तुम्ही काय म्हणालात?"

"कायच न्हाई म्हणलो अजून. तुमास्नी इचारल्याबिगर कसं म्हनू?" त्यानं सरळ तिच्याकडं पाहिलं. "तुमी व्हय म्हणला तर आबांना मी सांगतो. त्यांचं माझं बघून घेतो. न्हाई म्हणला तर... तर न्हाई. पन ऐकायचं हाय मला तुमच्या तोंडनं."

प्रत्येक वस्तूला बरोबर शब्द असतो, असं मुलींना रोज बजावणारी विजयमाला! तिला त्या क्षणी एकही शब्द सापडेना. 'हो' हे अक्षर तर एवढंसं. पण ते बाहेर येताना फुटेल, अशी तिला भीती वाटली.

"दसऱ्याला वाचनालय उघडतंय ना," ती कशीबशी म्हणाली. "ते होऊ दे. मग सांगते."

तो हसला. तिच्या चेहऱ्यावरून त्याला जे कळायचं ते बहुधा कळलं असावं. त्या रात्री विजयमाला मनगटावरचा निळा डाग न धुता झोपली.

वाचनालय लालासाहेब जाधवांचं होतं. गावातले मोठे बागाईतदार, चार गुऱ्हाळांचे मालक, मनानं उदार पण मानाला हळवे. त्यांनी चावडीशेजारची खोली दिली, पुस्तकांना पैसे दिले. पाटी अर्थात हंबीररावाकडं. मात्र ही एक पाटी ओसरीवर आली नाही. लालासाहेबांनी ती आपल्या वाड्यातच रंगवून घेतली आणि झाकून ठेवली.

दसऱ्याला सगळं गाव जमलं. बायका एका अंगाला, पुरुष एका अंगाला, मधे खुर्चीवर गुलाबी फेटा बांधलेले लालासाहेब. हंबीररावाचे आबा, म्हणजे वडील नाथाजी पाटील, पुढच्याच रांगेत मिशीवर हात ठेवून बसले होते. मुलाच्या हातची पाटी लागायची होती ना! हंबीररावानं शिडीवर चढून कापड ओढलं.

'कै. लालासाहेब जाधव वाचनालय.'

विजयमालेनं वाचलं. खुर्चीतल्या, चांगल्या जिवंत लालासाहेबांकडं पाहिलं. आणि तिला हसू फुटलं... असं फुटलं की आवरेना. त्यात सकाळपासून 'आज सांगायचं' या विचारानं ती हलकी झाली होती. डोकं ठिकाणावर कुठं होतं?

"अहो पेंटर!" ती सगळ्यांसमोर म्हणाली. "'कै.' म्हणजे कैलासवासी! मेलेल्या माणसाच्या नावाआधी लावतात! समोर बसलेल्या माणसाला कैलासाला पाठवलंत? वेलांट्या शिकवण्याच्या नादात मी मूळ अक्षरंच शिकवायची विसरले म्हणायची!"

ज्यांना कळलं ते हसले, ज्यांना कळलं नव्हतं ते इतरांना हसताना बघून हसले. सगळी चावडी हसली. लालासाहेबांचा चेहरा पांढरा पडला. हंबीररावानं शिडीवरून एकदाच त्यांच्याकडं पाहिलं.

"चूक झाली," तो म्हणाला. "माझीच."

त्यानं पाटी उतरवली, काखेत मारली आणि गर्दीतून निघून गेला. तिच्याकडं त्यानं पाहिलंही नाही. नाथाजी पाटलांची मान खाली गेली होती. तेव्हा कुठं विजयमालेचं हसू थांबलं.

ती वाट पाहत राहिली. मधली सुट्टी व्हायची, ओसरीवर मावशी आणि शेंगा, दुसरं कुणी नाही. गावात बोभाटा झाला— नाथाजी म्हणाले, भर गावात माझ्या लेकाचं हसं झालं, आता कडेगावचं काम लांबवायचं न्हाई. हंबीररावानं मान हलवली म्हणे. पाहुणे कोजागरीला येणार, सुपारी फुटणार.

"तू व्हय म्हननार हुतीस का गं?" चंद्राबाईनं विचारलं.

"हो."

"मग हसलीस कशापायी?"

"चूक दिसली, मावशी. मला चूक दिसली की दुसरं काही दिसत नाही." आणि ती रडली. चांगली मोठ्यानं रडली, मुलींसारखी.

कोजागरी दोन दिवसांवर असताना स्वतः लालासाहेब शाळेत आले. जोडे ओसरीखाली काढले आणि मुलींच्या चटईवर मांडी घालून बसले.

"बाई, त्या पाटीची चूक त्याची न्हवं," ते म्हणाले. "माझी. आमच्या वडलांच्या नावाची धर्मशाळा हाय, त्यावर 'कै.' लिवलंय. मामांच्या नावाच्या देवळावर बी तसंच. मला वाटलं, मोठ्या मानसाला लावायचं काय तरी आसंल. मीच म्हणलो, माझ्या नावाम्होरं बी पायजे. हंबीर म्हणला, मालक, बाईंस्नी दावू का? मी म्हणलो, माझ्या पाटीला बाईची परवानगी कशाला? पोरगं गप बसलं. आन् त्या दिशी..." त्यांनी फेटा काढून मांडीवर ठेवला. "माझं नाव घ्यायला त्याला येक शब्द पुरला आसता. घेतलं न्हाई त्यानं."

विजयमाला चटईच्या कडेला बसली. तिला स्वतःचा राग आला होता, आणि हंबीररावाविषयी मन भरून आलं होतं.

"नवी पाटी उद्या लावूया," ती म्हणाली. "गाव बोलवा. पाटी त्यांनीच काढायची आणि टांगायला पण त्यांनीच यायचं, असा निरोप द्या. आभार मी मानणार."

"येतोय का पन त्यो?"

"तुमचा शब्द मोडणार नाहीत ते," ती म्हणाली. त्याच्याबद्दल एवढं तरी तिला आता खात्रीनं माहीत होतं.

तो आला. दाढी वाढलेली, नजर जमिनीला. पाटी टांगली, 'लालासाहेब जाधव वाचनालय, चिंचमळा', सगळं जिथल्या तिथं, आणि तो शिडीला टेकून बाजूला उभा राहिला. आधी लालासाहेब उठले.

"मंडळी, माझ्या नावाम्होरं त्ये 'कै.' मीच लिवून घेतलं हुतं," ते खणखणीत आवाजात म्हणाले. "कैलासाला जायाची घाई मलाच झाली हुती! हंबीरनं माझी लाज राखली. आता कुनाला हसायचं आसंल तर मला हसा."

कुणी हसलं नाही. उलट नाथाजी पाटलांची मान वर आली. मग विजयमाला उभी राहिली.

तिनं आभार मानले, आणि ते तिच्या पद्धतीनं मानले. प्रत्येकाचं नाव पूर्ण, स्पष्ट, एक अक्षर न खाता. जागा देणारे श्रीमंत लालासाहेब हैबतराव जाधव. कपाटं करणारे आप्पासाहेब सुतार, ज्यांना सगळं गाव आप्पासो म्हणायचं. स्वतःचं एवढं मोठं नाव ऐकून ते दचकलेच. खोली सारवणाऱ्या सुलाबाई.

"आणि ही पाटी," ती म्हणाली, "ही अक्षरं ज्यांनी काढली..."

ती थांबली. सगळे वाट पाहत राहिले.

"नाव सांगा की, बाई!" मागून कुणीतरी म्हणालं.

विजयमालेनं डोक्यावरून पदर घेतला. आजपर्यंत तिनं या गावात कधी डोक्यावर पदर घेतला नव्हता. तिचे कान लाल झाले होते, पण आवाज हलला नाही.

"नाव मला चांगलं ठाऊक आहे," ती म्हणाली. "पण ते आता मला घेता यायचं नाही."

 पुरुषांना काही उमगलं नाही. बायकांच्या बाजूला मात्र आधी एक बांगडी वाजली, मग कुजबुज उठली, आणि म्हातारी दगडाबाई हनुवटीला बोट लावून मोठ्यानं म्हणाली—

"आगं बया! बाईमानूस कुनाचं नाव घेत नसतंय, ठावं हाय न्हवं? आवं नाथाजी, बसलाय काय? तुमची सून हुबी हाय की म्होरं!"

मग जो गलका झाला! लालासाहेबांनी फेटाच उडवला. शिडीला टेकलेला हंबीरराव सरळ उभा राहिला, आणि पहिल्यांदाच त्याची नजर वर आली... ती तिच्यावर येऊन थांबली. नाथाजी पाटील सावकाश उठले. त्यांनी लेकाकडं पाहिलं, पदराआडच्या मास्तरणीकडं पाहिलं.

"सगळ्या गावाम्होरं हसलीस," ते म्हणाले.

"हो, मामंजी. म्हणून सगळ्या गावासमोरच सांगितलं."

'मामंजी' म्हटल्यावर नाथाजी विरघळले. त्यांनी घसा खाकरला, मिशी चाचपली आणि शेजारच्याला सांगितलं, "कडेगावला आत्ताच्या आत्ता मानूस धाडा. हात जोडून सांगा, आमचं जुळनं न्हाई, राग मानू नगा म्हनावं."

गर्दी पांगायला वेळ लागला. चंद्राबाई मुद्दाम दगडाबाईशी बोलत मागं रेंगाळली. हंबीररावानं शिडी उचलली, पुन्हा खाली ठेवली.

"बाई," तो हळूच म्हणाला, "सगळ्यांची नावं घेतली. आप्पासोचं बी अख्खं घेतलं. माझं येकट्याचंच गाळलं व्हय?"

तिनं पदराआडून त्याच्याकडं पाहिलं.

"गाळलं नाही," ती म्हणाली. "राखून ठेवलंय. लग्नात, उखाण्यात घेईन."